उलट्या पिळाचा सांधा

कुंडलिकने अख्खं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यात घालवलं. कल्याण पूर्वेत तो चढला नाही असा खांब नव्हता आणि केबल शोधत उतरला नाही असं गटार नव्हतं. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. खांब गेले, तांब्याची केबल भंगारात गेली, समता चाळीतल्या शेंबड्या पोराच्या हातातसुद्धा मोबाईल आला. पण कुंडलिकचा हट्ट काही गेला नाही. महत्त्वाचं बोलणं असेल तर ते तारेच्या फोनवर.

"हवेत सोडलेलं बोलणं कुणाच्याही कानात शिरतं," तो म्हणायचा. "तारेतलं बोलणं दोन टोकांची दोनच माणसं ऐकतात."

"काका, तार राहिलीच कुठे आता? सगळीकडे फायबर आलंय," पोरं चिडवायची.

"फायबर तुमचं दारापर्यंत. दाराच्या आत दोन हात तार आहे ना? ती माझी."

तेवढी मात्र होती. केबलवाल्याने दारावर एक पांढरी डबी ठोकली होती. तिच्यातून दोन हात वायर खाली टेबलापर्यंत यायची, आणि टेबलावर फोन. नंबर जुनाच ठेवला होता.

हा फोन त्याच्या लेकाने, रत्नदीपने आणलेला. रत्नदीप ठाण्याला बाळकुममध्ये बायकापोरांसह भाड्याने राहायचा आणि तिथल्या मोठमोठ्या कॉम्प्लेक्समध्ये इंटरकॉम आणि कॅमेरे बसवायची कामं घ्यायचा. मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो भलं मोठं खोकं घेऊन आला.

"पप्पा, डोळे मिटा."

"मिटतो. पण मिठाई असेल तर आईकडे दे. मला शुगर आहे."

खोक्यातून निघाला हस्तिदंती रंगाचा, जुन्या धाटणीचा फोन. कडेने पितळी पट्टी, वर आडवा रिसीव्हर, पिळाची जाड काळी वायर आणि मधोमध गोल तबकडी. कुंडलिकने तबकडीच्या भोकात बोट घातलं आणि फिरवायला गेला. तबकडी हलेना.

"फिरत नाय ती, पप्पा. बटणं आहेत. गोल दिसतात, पण दाबायची."

"हात्तिच्या! म्हणजे हे नाटकातलं सामान!" कुंडलिकने फोन उचलून हातात तोलला, उलटा करून बघितला. "वजन यावं म्हणून खाली लोखंडाची पट्टी मारलेय. आतून रिकामा डबा. आमच्या वेळचा फोन डोक्यात घातला तर माणूस आडवा व्हायचा."

"मग तुम्हाला बोलायचंय की माणूस आडवा करायचाय?" त्याची बायको मंजुळा ओट्यावरून म्हणाली, आणि तिघंही हसली.

घंटा मात्र खरी होती. स्पीकरमधून येणारी पिपाणी नव्हे. आत वाटी होती आणि तिच्यावर टोला पडायचा. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा गॅलरीतली चार दारं उघडली. लोक बघायला आले, रिसीव्हर कानाला लावून गेले. कुंडलिक शेफारला. लेकाने बापाचं आयुष्य ओळखलं आणि नेमकी तीच वस्तू आणली, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

त्याच हिवाळ्यात चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं भिजत पडलेलं घोंगडं पुन्हा वर निघालं. दोन मजले, साठ खोल्या, गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून आठ संडास. खोल्यांचं बिल्डरशी जमलं. अडलं ते विहारावर. विहार चाळीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून होता. लोकांनी आपल्या रविवारच्या सुट्ट्या घालून, घमेली उचलून बांधलेला. बिल्डरच्या नकाशात त्या जागी दुकानं होती आणि विहार पार मागे, गाड्यांच्या पार्किंगच्या पलीकडे ढकललेला. चाळीने सांगून टाकलं, विहार हलला तर सह्या नाहीत.

बोलणी करायला तिघांची समिती नेमली. एक कुंडलिक. दुसरा महेंद्र. हा रिक्षा चालवायचा, विहाराची किल्ली त्याच्याकडे असायची आणि पहाटे धंद्याला निघायच्या आधी तो विहार झाडून काढायचा. आणि तिसरी अमृता. चाळीतलीच लेक, ठाण्याच्या कोर्टात वकिली करणारी, लग्नानंतर तिकडेच राहणारी. ती रोज संध्याकाळी सातला फोन करायची. कुंडलिक रिसीव्हर कानाला लावायचा आणि महेंद्र खुर्ची ओढून आपला कान त्याच रिसीव्हरला चिकटवायचा. दोन पांढरी डोकी एकमेकांना टेकलेली बघून मंजुळा म्हणायची, "लग्नात माझ्याजवळ एवढे चिकटून बसला नव्हतात."

तिघांचं ठरलं ते असं. उघडपणे एकच बोलायचं, विहार जिथे आहे तिथेच, तळमजल्यावर, रस्त्याला. आणि गाडी अगदीच अडली तर पहिला मजला चालेल, पण रस्त्यावरून स्वतंत्र जिना पाहिजे. हे शेवटचं पान छातीशी धरून ठेवायचं.

"मला तो पहिला मजलापण पसंत नाय," महेंद्र रिसीव्हरच्या बाजूला तोंड करून ओरडला. "म्हाताऱ्या बायका चढणार कशा?"

"ओरडू नका काका, कान फुटला माझा," अमृता पलीकडून म्हणाली. "हे वेळ आली तरच. आणि आपल्या तिघांच्या बाहेर एक शब्द जाता कामा नये."

चार दिवसांनी बैठक झाली. बिल्डरचा माणूस पाणीसुद्धा प्यायला नाही. बसला आणि म्हणाला, "पहिला मजला देतो. रस्त्यावरून स्वतंत्र जिना देतो. आता बोला."

अमृताने कुंडलिककडे बघितलं. कुंडलिकने महेंद्रकडे बघितलं.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. पण पुढे दोनदा तसंच झालं. तिघं संध्याकाळी जे ठरवतील ते बिल्डरच्या माणसाच्या तोंडी आधीच तयार. हातातली पानं उघडी ठेवून डाव खेळल्यासारखं झालं. आणि मग कुणीतरी बातमी आणली की महेंद्रला बिल्डरच्या ऑफिसात चहा पिताना बघितलं.

"भाडं सोडायला गेलेलो तिथे," महेंद्र म्हणाला. "त्या माणसाने ओळखलं, बस म्हणाला, चहा दिला. चहाला नाय कसं म्हणायचं?"

कुंडलिकने भर गॅलरीत, साठ खोल्यांच्या देखत हिशोब मांडला. "तिघांनाच माहीत होतं. अमृता वकील आहे, ती बोलणार नाही. मी बोललो नाही. राहिलं कोण?"

चाळीत महेंद्रला आणि कुंडलिकला सख्खे भाऊ समजायचे. दोघांनी मिळून विहाराचा चौथरा भरला होता.

"दादा, चार लोकांत बोलायच्या आधी मला एकट्याला विचारायचंस तरी," एवढंच तो म्हणाला. खिशातून विहाराची किल्ली काढली आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून चाळीतलं कुणी त्याच्या रिक्षात बसेना. नळावर बायका त्याच्या बायकोशी, विनिताशी, बोलेनात. तिची कळशी भरली की बाकीच्या दोन पावलं मागे सरायच्या. येत्या रविवारी विहारात सभा घ्यायची आणि महेंद्रला समितीतून आणि विहारातून काढल्याचा ठराव करायचा, असं ठरलं.

आता सातच्या फोनला कुंडलिक एकटाच बसायचा. महेंद्रचा श्वास कानाजवळ नव्हता, त्याची कुरकुर नव्हती. त्या शांततेत पहिल्याच संध्याकाळी त्याला ते ऐकू आलं. रिसीव्हर उचलला, टोन आला आणि क्षणभराने आत बारीकसं 'टिक' झालं. टोन किंचित दबला. दुसरं कुणी असतं तर त्याला पत्ताही लागला नसता. पण ज्याने तीस वर्षं खांबावर लोंबकळत तारांना कान लावले त्याला लागला.

जुन्या दिवसांत असा दबलेला टोन आला की कुंडलिक साहेबाला सांगायचा, "साहेब, या लाईनीवर दुसरं कुणीतरी बसलंय." आणि बहुतेक वेळा कुणीतरी बसलेलंच असायचं. पण तेव्हा तार पाच मैल लांब होती, चोराला हवी तिथे जागा होती. आता होती दोन हात. कुंडलिकने डबीवर खापर फोडलं. केबलवाल्या नीलला बोलावून घेतलं.

"काका, मला तर काय ऐकू येत नाय," नील म्हणाला.

"तुझा कान लग्नाच्या डीजेत गेलाय. डबी बदल."

नीलने डबी बदलली. टिक तसंच. दोन हात वायर बदलली. टिक तसंच.

लाईनमनच्या धंद्यात पहिला नियम असतो. तक्रार आली की आधी घरातला फोन काढायचा आणि आपल्या पिशवीतला लावून बघायचा. खोट बहुतेक वेळा यंत्रात असते, तारेत नसते. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला कुंडलिकने हे घोकवून घोकवून शिकवलं होतं. आणि स्वतःच्या घरात मात्र त्याने डबी बदलली, वायर बदलली, आणि फोनला हात लावला नाही. लेकाने दिलेल्या वस्तूत खोट शोधावी असं त्याच्या मनातच आलं नाही.

गुरुवारी दुपारी मंजुळा नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाळकुमला गेली. दर गुरुवारी ती नातवंडांसाठी काहीबाही करून न्यायची. घरात कुणी नव्हतं. कुंडलिकने टेबलावर टॉवेल अंथरला, चष्मा पुसला आणि फोन पालथा केला.

तळाला चार रबरी पाय होते. तीन घट्ट बसलेले. चौथा नखाने ढकलला तसा हातात आला. त्याखाली प्लास्टिकमध्ये नखाएवढी चीर पाडलेली होती. कारखान्यात असली चीर पाडत नाहीत. कुणीतरी पातं तापवून पाडली होती, कडा वितळलेल्या दिसत होत्या.

त्याने स्क्रू काढले. आत त्याने म्हटल्याप्रमाणे तीन भाग रिकामा डबा होता. एका बाजूला घंटेची वाटी, मध्ये हिरवी पट्टी. आणि त्या चिरेला लागून, चिकटपट्टीने बसवलेली, काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यातून दोन बारीक वायरी निघून फोनच्या लाईनीला जोडलेल्या. डबीला कार्ड घालायची खाच होती. खाच रिकामी होती.

बोलणं भरून घ्यायचं यंत्र. रिसीव्हर उचलला की चालू होणारं. ते चालू होताना टिक करत होतं.

कुंडलिकने वायरींचे सांधे बघितले आणि त्याचे हात थांबले.

तो डावखुरा होता. सगळे लाईनमन दोन वायरी उजवीकडे पिळतात, त्याचा पीळ डावीकडे पडायचा. पहिले दोन वेढे सैल, पुढचे तीन घट्ट आणि टोक मागे दुमडून दाबलेलं. कल्याणच्या कुठल्याही पेटीचं झाकण उघडलं की नवा गडीसुद्धा सांगायचा, हा कुंडलिकदादाचा सांधा. असा उलटा पीळ घालणारा दुसरा माणूस खात्यात नव्हता. खात्याबाहेर एकच होता. शाळेच्या सुट्टीत रत्नदीप बापासमोर बसून तुटक्या वायरी जोडत बसायचा. पोरगं उजव्या हाताचं, पण बापाचा हात बघून शिकलं, म्हणून त्याचा पीळही उलटा बसला. "अरे, तुझा हात उजवा आहे, सरळ पीळ," कुंडलिक हसून सांगायचा. पोराने ऐकलं नाही. त्याला बापासारखाच सांधा घालायचा होता.

काळ्या डबीचे दोन्ही सांधे उलट्या पिळाचे होते. दोन वेढे सैल, तीन घट्ट. टोक मागे दुमडलेलं. काम नीटनेटकं होतं, खोट काढायला जागा नव्हती.

कुंडलिकने स्क्रू लावले, रबराचा पाय जागेवर दाबला, फोन सरळ केला, टॉवेलची घडी केली. रत्नदीप तर महिनाभर चाळीकडे फिरकला नव्हता. आणि बिल्डरच्या माणसाला मागच्या आठवड्यातलं बोलणंही ठाऊक होतं. मग कार्ड काढतं कोण, घालतं कोण? प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि त्याने तो तिथेच दाबून ठेवला. उत्तराच्या वाटेला जायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

सहाच्या सुमाराला मंजुळा आली. पाय धुतले, रिकामा डबा मोरीत ठेवला. मग कमरेचं फडकं काढून टेबलाशी गेली. "धूळ किती बसते हो यावर," म्हणत तिने फोन पुसायला घेतला. वरून पुसला, कडेने पुसला, पालथा करून फडक्याखाली तळ पुसला. दर गुरुवारी ती असंच करायची. आपल्या आवडीच्या वस्तूला बायको जपते याचं कुंडलिकला आजवर कौतुक वाटत होतं.

तिने फोन सरळ केला. तो उठला, तिच्या हाताजवळून रिसीव्हर उचलला आणि लेकाचा नंबर दाबला. आत टिक झालं.

"बोला पप्पा," रत्नदीप म्हणाला.

"हे बोलणंपण भरून घेतोस काय रे?"

पलीकडे नातवंडांचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता.

"फोन उघडला मी. सांधा बघितला. उजव्या हाताने एवढा सुबक उलटा पीळ घालणारा मला एकच माणूस माहीत आहे."

"पप्पा," रत्नदीप हळूच म्हणाला, "जरा आईकडे द्या ना."

आईकडे द्या. कुंडलिकने मंजुळाकडे बघितलं. ती फडक्याची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती. त्याने रिसीव्हर तिच्याकडे दिला नाही.

"मलाच सांग. चाळीचा सौदा तू बापाच्या फोनमधून केलास?"

"सौदा काय पप्पा, असं काय बोलता! मी त्या बिल्डरची चार कॉम्प्लेक्सची कामं करतो. तो म्हणाला, तुझे वडील अडून बसलेत, काम पुढे सरकत नाय. मी म्हटलं, कुठे अडलंय ते कळलं तर सुटेल लवकर. मागे घरी आलो तेव्हा बसवली डबी. आणि नुकसान कुणाचं झालं? विहार मिळतोय ना पहिल्या मजल्यावर? तुम्हीच म्हणालेलात, चालेल म्हणून."

"मी तुला म्हणालो नव्हतो. मी अमृताला म्हणालो होतो."

"पप्पा, ऐका ना..."

कुंडलिकने रिसीव्हर ठेवून दिला. आतल्या घंटेच्या वाटीला धक्का लागून ती बारीक किणकिणली.

"कार्ड कशातून नेत होतीस?" त्याने विचारलं.

मंजुळाने वर बघितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"डब्यातून," ती म्हणाली. "भाकरीच्या खाली, कागदात गुंडाळून."

"तुला माहीत होतं आत काय आहे?"

"सगळं माहीत होतं. तो नको म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, कर." तिने फडकं खाली टाकलं. "चव्वेचाळीस वर्षं या गॅलरीच्या टोकाला डबा घेऊन उभी राहतेय मी. लग्न होऊन आले तेव्हा पुढे सासरे उभे असायचे, डोक्यावर पदर घेऊन उभी राहायचे. आता गुडघ्यांनी बसवत नाही, तरी तिथेच उभी. तुम्हाला विहार रस्त्यावर पाहिजे. मला संडास घरात पाहिजे. तुमचं पाहिजे ते धम्माचं, आणि माझं पाहिजे ते काय?"

"मला बोलायचंस."

"बोलले नाही? प्रत्येक वेळी म्हणालात, आधी विहार, मग बाकीचं. माझं बोलणं तुमच्या कानात गेलं असतं तर माझ्यावर तुमचं डबीत भरायची पाळी आली नसती."

कुंडलिकला महेंद्र आठवला, कठड्यावर किल्ली ठेवताना.

"आणि महेंद्र? त्याची बायको नळावर एकटी उभी असते ते बघत होतीस ना रोज?"

"बघत होते." मंजुळाचा आवाज पहिल्यांदा खाली आला, पण लगेच वर चढला. "महेंद्रभावजींचं नाव मी घेतलं नव्हतं. रत्नदीपने घेतलं नव्हतं. ते तुम्ही घेतलंत. भर गॅलरीत, साठ खोल्यांसमोर."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. शनिवारी जेवण वाढताना मंजुळा म्हणाली, "उद्या गप्प बसा. ठरावाला ओ देऊ नका, नको म्हणू नका. सह्या एकदा होऊ द्या. महेंद्रभावजींचं मग बघता येईल, मी स्वतः विनिताच्या पाया पडेन. पण आता बोललात तर पोराच्या तोंडावर लोक थुंकतील. त्याची कामं जातील. आणि मी या गॅलरीत मान वर करून चालणार कशी?"

"महेंद्र कसा चालतोय?"

"तुम्हाला घर प्यारं आहे का महेंद्र?"

त्याने हात धुतले. ताटात भात तसाच होता.

रविवारी सकाळी विहार भरला. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. आठवडाभर झाडलेलं नव्हतं, कोपऱ्यात सुकलेली फुलं पडलेली. महेंद्र मागे, चपला काढतात तिथे, भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. अमृता ठाण्याहून आलेली. तिने कागद काढला आणि ठराव वाचायला तोंड उघडलं.

"थांब, पोरी," कुंडलिक उठला. सदऱ्याच्या खिशातून ती काळी डबी काढून त्याने तिच्या कागदावर ठेवली. "ठराव वाचायच्या आधी हे बघ. हे माझ्या फोनमध्ये होतं. आपण सातला बोलायचो ते यात भरलं जायचं आणि बिल्डरकडे पोचायचं. महेंद्रने काहीही केलेलं नाही. त्याचा कान रिसीव्हरला होता, तोंड नव्हतं. खोट माझ्या घरात होती."

विहारात एकदम गलका उठला. "कुणी घातलं?" "बिल्डरने माणूस पाठवला काय?" "चाळीतलंच कोण?"

"माझ्या लेकाने," कुंडलिक म्हणाला. "रत्नदीपने. त्याच्या हातचे सांधे मी ओळखले."

गलका थांबला. चाळीतल्या निम्म्या घरांचे टीव्ही, पंखे रत्नदीपने लहानपणी फुकट दुरुस्त केले होते. एक म्हातारा पुटपुटला, "कुंडलिकचा रत्नदीप?" आणि त्याने कपाळाला हात लावला.

अमृता डबीकडे बघत होती. ती वकील होती. "काका, याला कार्ड लागतं. दर आठवड्याला बदलावं लागत असेल. रत्नदीपदादा तर महिना महिना येत नाही इकडे."

आणि मागून, चपलांजवळून, महेंद्रने विचारलं, "म्हणजे घरात कुणाला तरी माहीत होतं. कोण होतं, दादा?"

कुंडलिकने बायांच्या बाजूला बघितलं. मंजुळा तिसऱ्या रांगेत बसली होती, विनितापासून दोन हातांवर. तिची मान सरळ होती. हात मांडीवर होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती.

आयुष्यात तो महेंद्रशी एकदाही खोटं बोलला नव्हता. भर गॅलरीत बोलला ते चुकीचं होतं, पण तेव्हा त्याला ते खरं वाटलं होतं.

"कुणाला नाही," तो म्हणाला. "तोच यायचा गुपचूप, मी दुपारी झोपलेलो असताना. त्याच्याकडे चावी आहे."

कुंडलिक महेंद्रजवळ गेला. दुसऱ्या खिशातून विहाराची किल्ली काढून पुढे केली. "चुकलो मी. विचारायला पाहिजे होतं तुला."

महेंद्रने किल्ली घेतली. हातात घट्ट धरली.

"किल्ली घेतो," तो म्हणाला. "विहार माझाही आहे. पण दादा, तुझ्या घरी आता मी येणार नाही. मला सांगू नको, कोणी बोलवायला पाठवू नको."

"बरं," कुंडलिक म्हणाला.

ठरावाचा कागद अमृताने फाडला. समितीत कुंडलिकने राहू नये असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण त्याने स्वतःच सांगितलं आणि कुणी थांब म्हटलं नाही. त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं. बिल्डरला निरोप द्यायचा ठरला, झालेली सगळी बोलणी रद्द, विहार आहे तिथेच, आता नव्याने बसा. एकदोन बायकांनी उसासे टाकले. अजून सालभर तरी संडासाची रांग चुकत नव्हती.

मग रविवारची वंदना राहिली होती. वीस वर्षं वंदना कुंडलिक सांगायचा आणि विहार त्याच्या मागून म्हणायचा. लोक उभे राहिले, हात जोडले आणि सवयीने त्याच्याकडे बघू लागले.

"महेंद्र सांगेल," तो म्हणाला.

महेंद्र पुढे गेला. त्याचा आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. महेंद्र एक शील सांगायचा, सगळे मागून म्हणायचे. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. तिसरं झालं.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," महेंद्रने चौथं सांगितलं. खोटं बोलणार नाही.

साठ घरांनी ते मागून म्हटलं. कुंडलिकचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. जोडलेल्या हातांच्या आडून त्याने कान दिला. बायांच्या बाजूने, सगळ्यांच्या आवाजात मिसळूनही त्याला वेगळा काढता येईल असा, मंजुळाचा आवाज येत होता. स्वच्छ, संथ, एक अक्षर न अडखळता तिने शील पुरं म्हटलं, आणि महेंद्रने पाचवं सांगायला घेतलं.